मीठ-बर्फातल्या अठरा लशी

पेटीत अठरा लशी होत्या, कागदी वेष्टनातल्या, प्रत्येक आपापल्या सिरिंजमध्ये आधीच भरलेली. चार बाजूंना पाणी गोठवलेल्या चार चपट्या बाटल्या होत्या. मध्ये एक पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर बोटाएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं, त्याच्या काचेवर बरोबरची खूण दिसत होती. बाकी काही नव्हतं. देल्फिनने पुठ्ठा उचलून खालीही पाहिलं. बर्फ कुठेच नव्हता, म्हणजे देल्फिन ज्याला बर्फ म्हणतो तो. बाटल्यांना घाम फुटला होता. एक उचलून हलवली तर आत पाणी डुचमळलं.

"नोंग इस्को, हे बघा," तो म्हणाला. "शहरातल्या लोकांची थंडी."

इस्को, वयाने मोठा म्हणून 'नोंग', होडीच्या उलांडीवर पाय टाकून बसला होता. एस्तान्सिया या तालुक्याच्या गावच्या धक्क्यावरून निघाल्यापासून त्याने डोळे उघडले नव्हते, आताही उघडले नाहीत. "तुला पेटी उघडायला कुणी सांगितलं?"

"उघडू नका असंही कुणी सांगितलं नाही. नर्स जोसलिन म्हणाली, थंड ठेवा, सावलीत ठेवा. आता थंड ठेवायचं म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार?"

"मला विचारशील तर समुद्रात टाक. गेल्या वर्षी टोचून घेतलं आणि आठवडाभर नाक गळत होतं."

"तुमचं नाक न टोचताही गळतं."

देल्फिनने इंजिन मंद केलं. मासळी ठेवायच्या खणात बर्फाचा भुगा होता आणि शेजारी पोत्यात जाडं मीठ. इलोइलो शहराच्या बाजारात जाणारी त्याची सुरमई दुसऱ्या दिवशीही डोळे उघडून बघायची, असं व्यापारी म्हणायचे, आणि त्यामागचं गुपित एवढंच होतं की देल्फिन बर्फात मीठ घालताना हात आखडत नसे. मीठ घातलं की बर्फ नुसता थंड राहत नाही, चावायला लागतो. त्याने घामेजलेल्या बाटल्या काढून बाजूला ठेवल्या. लशींचे कागद भिजू नयेत म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं. खाली भुग्याचा थर, त्यावर मीठ, त्यावर पिशवी, वर पुन्हा भुगा आणि पुन्हा मीठ. झाकण दाबून बसवलं आणि त्यावर ओलं गोणपाट टाकलं. काम नेटकं झालं होतं. स्वतःच्या लग्नाची मासळीसुद्धा त्याने एवढ्या निगुतीने भरली नव्हती.

या लशी अम्पारोच्या गायनमंडळासाठी होत्या.

अम्पारो देल्फिनची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिची दोन्ही मूत्रपिंडं थकली तेव्हा देल्फिनने आपलं एक तिला दिलं. तेव्हापासून तो त्याला 'पोरगा' म्हणत असे आणि रोज सकाळी बहिणीच्या अंगणात येऊन, तिला 'नांग', म्हणजे ताई, म्हणत त्याची चौकशी करत असे.

"नांग, पोरगा कसा आहे?"

"तुझ्यावरच गेलाय. दिवसभर पाणी मागतो आणि कामाचं नाव काढलं की कुरकुरतो."

पण पोरगा कुरकुरत नव्हता, चांगला चालला होता. चालावा म्हणून अम्पारो सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेई, त्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना पेंगवून ठेवत, म्हणजे ते परक्या मूत्रपिंडावर धावून जात नसत. अडचण अशी की पेंगणारा पहारेकरी फ्लूच्या विषाणूलाही आत सोडतो. इतरांना चार दिवस झोपवणारा फ्लू अम्पारोला इस्पितळात पोचवू शकत होता, आणि पोरग्यालाही. म्हणून गेल्या नाताळात इलोइलोच्या डॉक्टोराने, म्हणजे डॉक्टरीणबाईने, तिला चर्चच्या गर्दीत जाऊ दिलं नाही. नाताळाआधीचे नऊ पहाटमिस्से, म्हणजे चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थना, बेटावर तिच्याशिवाय झाले, आणि बेटाचं मंडळ गेली वीस वर्षं तीच चालवत होती. तिने नऊही मिस्से घरात बसून भोंग्यावरून ऐकले. इस्को दर वेळी तालाच्या मागे राहिला. एका मिस्साला तर तो इतका मागे राहिला की बाकीचे संपवून खाली बसले तरी तो गातच होता. अम्पारोने उशी तोंडावर दाबून धरली होती, असं शेजारीण सांगते.

या वर्षी तिने आधीच ठरवलं होतं की गायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती देल्फिनला घेऊन इलोइलोला गेली. डॉक्टोराने तिला लस टोचली आणि मग दोन अटी घातल्या.

"एक," डॉक्टोरा म्हणाली, "तुमच्या भोवती उभं राहून जे गाणार त्या प्रत्येकाने लस घ्यायची, मिस्से सुरू व्हायच्या किमान दोन आठवडे आधी. लस घेतली तरी तुमचे पहारेकरी अर्धवटच जागे होणार. म्हणून भोवतालच्या माणसांची भिंत हवी."

"आणि दोन?"

"चार आठवड्यांनी रक्त तपासायचं. लशीवरच्या आमच्या अभ्यासात तुम्ही आहातच. आकडा चाळीस किंवा त्याच्या वर आला तर गा, दाराजवळ उभं राहून. खाली आला तर दुसरा डोस घ्यायचा, आणि या वर्षीही घरीच."

देल्फिनला हा आकडा नीट समजून घ्यायचा होता. डॉक्टोराने सांगितलं की रक्तातलं पाणी पातळ करत जायचं, दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, आणि किती पातळ केल्यावरही ते विषाणूला अडवतं ते बघायचं.

"म्हणजे व्हिनेगरसारखं," देल्फिन म्हणाला. "चांगलं नारळाचं व्हिनेगर चाळीसपट पाण्यातही जिभेला लागतं. खोटं असेल तर दुसऱ्या वाटीतच मरतं."

"बरोबर तसंच."

"मग आता हिचं किती आहे?"

"टोचण्याआधीचं, गेल्या भेटीत घेतलेलं रक्त दहापटीलाच काही अडवत नव्हतं."

"म्हणजे नुसतं पाणी," देल्फिन बहिणीकडे बघून म्हणाला, आणि उतरताना जिना संपेपर्यंत तिची बोलणी खात राहिला.

तर अशा त्या अठरा लशी. मंडळातले सतरा गाणारे आणि अठरावा गिटार वाजवणारा देल्फिन. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स जोसलिन हिने खटपट करून त्या बेटासाठी बाजूला काढल्या होत्या. तिला सकाळी केंद्रात काम होतं, म्हणून पेटी देल्फिनच्या होडीने पुढे आली आणि ती दुपारच्या होडीने मागून.

ती आली तेव्हा मंडळ चर्चच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली जमलं होतं. कुणी तरी नारळाच्या झावळीत बांधून शिजवलेला चिकट भात आणला होता, त्याच्या सोबतीला आंबे. अम्पारो नियमाप्रमाणे लांब, चर्चच्या खिडकीपलीकडे खुर्ची टाकून बसली होती, तोंडाला पट्टी बांधून. महिनाभर ती अशीच तालीम घेत होती. खिडकीतून फक्त तिची छडी दिसायची, पण छडी पुरेशी होती.

जोसलिनने गोणपाट दूर केलं, झाकण उघडलं, आणि तशीच थांबली.

"नोंग देल्फिन, यात बर्फ कुणी घातला?"

"मी," देल्फिन म्हणाला. कौतुकाची तयारी म्हणून त्याने चेहरा साधा ठेवला होता.

"आणि हे पांढरं?"

"मीठ. जाडं, आमच्याच आगरातलं. तुमच्या बाटल्या वितळत होत्या, पोरी. मी नसतो तर सगळं वाया गेलं असतं."

जोसलिनने भुग्यात हात घालून पुठ्ठा काढला. गोठल्याची खबर देणाऱ्या त्या यंत्राच्या काचेवरची खूण आता फुलीची झाली होती. मग तिने पिशवीची सुतळी सोडली आणि एक सिरिंज उजेडात धरली. आतली लस पांढरी, घट्ट, खडूच्या कांडीसारखी झाली होती.

"त्या बाटल्या मुद्दामच थोड्या वितळवून घालतात," ती सावकाश म्हणाली. "लस थंड हवी, पण गोठलेली चालत नाही. दोन ते आठ अंशांच्या मध्ये. तुमचा हा बर्फ शून्याच्या कितीतरी खाली गेलाय."

"मग वितळू दे की. उन्हात ठेवतो."

"वितळेल. पण नारळाचं दूध गोठवून वितळवलं की कसं फुटतं? दिसायला दूध, पण कालवण होत नाही. तसं झालंय हे. टोचता येणार नाही."

सगळे पेटीभोवती वाकले. इस्कोने मात्र एक आंबा उचलला आणि सोलायला घेतला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका स्वच्छ दिसत होती.

खिडकीतली छडी खाली गेली. मग आतून धाकट्या भावाला मारायची तिची हाक आली. "तोतो."

"हां, नांग."

"माझ्या मंडळाचे बांगडे केलेस."

"सुरमईसारखं भरलं होतं," देल्फिन म्हणाला. त्याला खरोखरच वाटलं की या खुलाशाने थोडा फरक पडेल.

"वा. मग सुरमईंनाच उभं कर नऊ मिस्से. त्या तरी तालाच्या मागे राहणार नाहीत."

मंडळ हसलं, पण अम्पारो हसली नव्हती. देल्फिनला पट्टीच्या वरचे तिचे डोळे दिसत होते. तिचं हे दुसरं वर्ष घरात जाणार होतं, आणि या वेळी कारण तिची मूत्रपिंडं नव्हती.

त्याने जोसलिनला बाजूला घेतलं. "आणखी अठरा मिळतील का?"

"बेटावर पाठवायला नाही मिळणार. मागितल्या तर वरचे विचारतील, आधीच्यांचं काय झालं." तिने पेटीकडे पाहिलं. "पण शनिवारी केंद्रात सगळ्यांसाठी टोचणं आहे. रांगेत जो येईल त्याला. त्यानंतर दोन आठवडे धरले तर मिस्से सुरू व्हायच्या आत बसतं, अगदी जेमतेम."

"मग मंडळ रांगेत येईल."

"अठरा जण? समुद्र ओलांडून?"

"लशीला थंडी सोसत नाही, माणसांना सोसते," देल्फिन म्हणाला. "मी सगळ्यांना भरून आणतो. मीठ न घालता."

मंडळाला तयार करायला मात्र गुरुवार उजाडला. होडीला मासळीचा वास येतो इथपासून शनिवारी कपडे धुवायचे असतात इथपर्यंत कारणं निघाली. मग दुसऱ्या आवाजात, म्हणजे खालच्या पट्टीत गाणारी नेली म्हणाली, "तू आधी टोचून घेणार असशील तर आम्ही येतो." आणि तिथे देल्फिन गिटारची तार पिळत बसला.

देल्फिनला सुईची भीती वाटत असे. हे बेटावर कुणाला पटलं नसतं, कारण त्याच्या कुशीवर वीतभर व्रण होता आणि तो मागितला नाही तरी दाखवत असे.

"किडनी काढून दिलीस आणि सुईला घाबरतोस?" अम्पारोने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण मंडळासमोर विचारायची संधी तिने सोडली नाही.

"किडनी काढताना मी झोपलो होतो."

"त्याआधी चाळीस वेळा रक्त घेतलं असेल."

"तेव्हा तू हात धरला होतास."

केंद्रातल्या रांगेत अम्पारो जाऊ शकत नव्हती, खोकणाऱ्या-शिंकणाऱ्यांची तिथे काय कमी. "मग गा," ती म्हणाली. "गाणाऱ्याला दंड आवळून धरायला सवड नसते. मंडळ धरेल तुझा हात."

"मी गाऊ? तूच म्हणतेस की मी फक्त गिटार वाजवावी."

"एका दिवसापुरती सूट."

शनिवारी होडी भरून मंडळ एस्तान्सियाला गेलं. खण धुऊन, सुकवून, वर चटया टाकल्या होत्या, तरी नेली नाकाला रुमाल लावून बसली. वारा ईशान्येचा होता, होडी लाटांवर आपटत होती, आणि कुणी सांगितलं नसताना वरच्या पट्टीतल्या पहिल्या आवाजांनी गायला सुरुवात केली. धक्क्यावरचे हमाल काम थांबवून बघायला लागले.

केंद्रात मोठी रांग होती, बहुतेक म्हातारी माणसं. जोसलिनने देल्फिनला खुर्चीवर बसवलं आणि बाही वर करायला सांगितलं. देल्फिनने कापूस पाहिला, मग सुई पाहिली, मग दार कुठे आहे ते पाहिलं. दारात इस्को उभा होता. तो देल्फिनला वाट देण्यासाठी लगेच बाजूला झाला. त्याला आशा होती.

"गा," नेली मागून म्हणाली.

देल्फिन गायला लागला. नाताळाच्या मिस्साचंच गाणं होतं, पण सूर कुठला होता हे सांगणं कठीण होतं. मंडळाला ते सहन झालं नाही. आधी नेलीने, मग सगळ्यांनी तो सूर उचलून जागेवर आणला आणि देल्फिनला मध्ये धरून पुढे नेलं. रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्याही गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सुई आत गेली. देल्फिनचा आवाज अर्ध्या सुराने वर चढला, आणि मंडळ वीस वर्षांच्या शिस्तीने त्याच्या मागोमाग अर्ध्या सुराने वर गेलं.

"झालं," जोसलिन म्हणाली.

"काय झालं?"

"टोचून झालं. उठा, नोंग, मागे माणसं आहेत."

मग एकेक जण बसत गेला. शेवटी इस्को उरला. त्याने छातीवर हात बांधले. "मला गेल्या वर्षी याच्यातूनच सर्दी झाली."

"यात मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, नोंग," जोसलिन म्हणाली. "त्यातून फ्लू होत नाही. दंड दुखेल, अंग थोडं कसकसेल. सर्दी तुम्ही दुसरीकडून आणली असेल."

"माझा आवाज बसला तर?"

"तुम्ही घेतली नाहीत तर नांगला गाता येणार नाही," देल्फिन म्हणाला. "मग तिच्याऐवजी छडी माझ्याकडे. आणि तुमच्या जागी कुणाला उभं करायचं ते मी ठरवणार. मी स्वतः उभा राहीन म्हणतो."

इस्कोने मंडळाकडे पाहिलं. देल्फिनचं गाणं सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं. नेलीने हळूच नकारार्थी मान हलवली, विनवणीसारखी. इस्कोने बाही वर केली.

पुढचा आठवडाभर तो रोज सकाळी धक्क्यावर येऊन आपल्या नाकाची खबर देत असे. नाक कोरडं होतं. आठवड्याच्या शेवटी त्याने हे जरा नाराजीनेच मान्य केलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देल्फिन अम्पारोला घेऊन पुन्हा इलोइलोला गेला. रक्त दिलं. नमुना तपासायला वेळ लागणार होता; डॉक्टोरा म्हणाली, मिस्से सुरू व्हायच्या आत फोन करते. परतताना अम्पारोने होडीत एकही टोमणा मारला नाही. तिने फक्त दोनदा विचारलं की व्हिनेगर चाळीसपट पातळ केल्यावर खरंच जिभेला लागतं का. घरी पोचल्यावर देल्फिनने बाटली काढली आणि वाट्या मांडल्या. चाळीसपटीची वाटी दोघांनी चाखली. देल्फिनला लागलं. अम्पारोला नीटसं सांगता येईना.

"तुझी जीभ गोळ्यांनी बिघडलीय," तो म्हणाला.

"किंवा तुझं व्हिनेगर खोटं आहे."

बेटावर फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला येई. पहिल्या मिस्साच्या आदल्या दुपारी अम्पारोने तालीम तिथेच ठेवली. मंडळ लाकडी फळ्यांवर दोन रांगांत उभं राहिलं आणि ती पाच-सहा पावलं पुढे, पाण्याच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूने. पट्टी बांधलेली होती. फोन देल्फिनच्या हातात होता. तिने तो मुद्दाम त्याच्याकडे दिला होता, कारण छडी धरलेला हात तिला स्थिर हवा होता.

तिसऱ्या गाण्यात इस्को मागे राहिला. छडी थांबली.

"नोंग इस्को, आम्ही पुढच्या ओळीत आहोत. तुम्ही कधी येताय?"

"वारा तोंडात जातो, अम्पारो."

"मग तोंड उशिरा मिटता म्हणून जात असेल. पुन्हा, पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि फोन वाजला. देल्फिनने बटण दाबून आवाज मोठा केला आणि फोन बहिणीपुढे धरला. गाणं कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं, ते आपोआप ओळीच्या मध्येच तुटलं. इस्को तेवढा एक शब्द पुढे गेला आणि मग तोही थांबला.

"अम्पारो?" डॉक्टोराचा आवाज आला. "मंडळातल्या सगळ्यांनी लस घेतली?"

"अठराही जणांनी. दोन आठवडे उलटून गेले."

"कुणाला ताप, खोकला?"

"कुणालाच नाही, डॉक्टोरा."

"बरं. तुमचा कागद समोर आहे. टोचण्याआधीचा आकडा दहाच्या खाली होता, आठवतंय ना?"

"आठवतंय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. चौथ्या आठवड्याच्या रक्ताचा आकडा होता चाळीस, दाराजवळ उभं राहून गाण्यापुरता.